गाठ तेवढी ठेवा

१४ जानेवारी

टिंबू,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहायला बसले आहे. माझी रोजनिशीची सवय तुला माहीत आहे, तू तिला ‘ताईची हजेरी’ म्हणायचीस. आज तीच उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘तू’ आलं. रोजनिशीत कुणाला ‘तू’ म्हणणं मला खोटं वाटतं, म्हणून वेगळा कागद घेतला.

आज आपला टेबलफॅन पाहिला. एका माणसाच्या हातावर.

आधी मी काय करते ते सांगायला हवं. प्रयोगशाळेतली नोकरी सुटल्यापासून मी एका त्वचेच्या दवाखान्यात लेझरच्या मशीनवर असते. लोक अंगावरचे टॅटू घेऊन येतात, मी ते पुसते. हसू नकोस. बाबांनी तुझ्या वाट्याचंही हसून घेतलं होतं. “एक लेक काढते, एक लेक पुसते. बापानं बघायचं तरी काय?” तुझ्याबद्दल ते इतकं सहज बोलले ती तेवढीच वेळ, म्हणून लक्षात राहिली.

बाबा गेले. तुला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये. मी वर्तमानपत्रात फोटोसकट चौकट दिली होती. तू आली नाहीस. ह्यावर मी आज जास्त लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर अक्षर बिघडेल.

तर तो माणूस. तिशीचा असेल, उंच, बोटांच्या टोकांना घट्टे. एका बँडमध्ये बासगिटार वाजवतो. दवाखान्याच्या नियमानुसार मी त्याचं नाव कुठे लिहू नये, म्हणून त्याला बासवाला म्हणते. त्यानं बाही वर केली आणि मी चष्मा पुसला. पुढच्या खोलीतला फॅन, तसाच एका बाजूला मान टाकलेला. पाती पोकळ, जाळी एका रेषेत, कुठेही हात न उचलता. आणि जाळीच्या डाव्या अंगाला गाठ.

ती गाठ मी मारली होती. तू जाळीत चमचा घातला होतास, एक तार तुटली, बाबा यायच्या आत मी जुन्या वायरमधली तांब्याची तार सोलून ती बांधली. दोन टोकं वर राहिली. मी पक्कड घेऊन कापायला गेले तर तू म्हणालीस, “राहू दे, सशाचे कान आहेत.” मी म्हटलं, “ओढून बघ, सुटतं का.” तू जोर लावून ओढलंस. सुटलं नाही.

त्या माणसाच्या हातावर सशाचे दोन्ही कान होते.

लोक चित्रकारांना प्रदर्शनात भेटतात, मी त्यांना पुसताना भेटते. एक जण नुसत्या ठिपक्यांनी सावली भरतो. एकीची रेष थरथरते, पण मुद्दाम, कारण सगळ्या अंगभर सारखीच थरथरते. त्यांची नावं मला माहीत नाहीत, हात माहीत आहेत. बाजारू पुस्तकातली गुलाबफुलं पुसताना मला काही वाटत नाही. ह्यांचं काही आलं की मी मशीन जरा सावकाश चालवते. हे बरोबर की चूक, कुणास ठाऊक.

“पूर्ण घालवायचंय?” मी विचारलं.

“नाही, फिकं करायचंय. वरून दुसरं काढायचंय.”

“कोण काढणार?”

“जिनं हे काढलं तीच. तिनंच मागे लागून पाठवलंय. चारपाच जणांच्या अंगावर हा फॅन आहे, सगळ्यांच्या मागे लागलीये. म्हणते, तो फॅन आता बंद पडलाय, तुम्ही उगाच फिरवत बसू नका. वरून नवीन फुकट काढून देते.”

मी त्याला चष्मा चढवला, माझा चढवला, पायाखालचं बटण दाबलं. रबर ताणून सोडल्यासारखा आवाज येतो, कातडीवर पांढरा फेस उठल्यासारखा दिसतो आणि खाली शाई फुटते. मग शरीर ती हळूहळू वाहून नेतं. मी फॅन पुसला. पाती, मान, बटणं, सगळं.

गाठीवर हात गेला नाही. राहून गेली, असं म्हणू या.

ताई


२ फेब्रुवारी

टिंबू,

बासवाला जाताना काउंटरवरच्या मुलीला म्हणाला होता, “आमचं ऐका की.” तिनं लावलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. म्हणाली, “मॅडम, ह्यांचं मशीन बिघडलंय.” पेशंटची गाणी ऐकणं नियमात बसतं का, ह्यावर मी दोन दिवस विचार केला. गाणी सगळ्यांसाठी उघडी आहेत, तेव्हा बसतं, असं ठरवलं. (तू इथे डोळे फिरवले असशील.)

जेवणाच्या सुट्टीत बँडेजच्या खोक्यांच्या खोलीत बसून ऐकते. दोन बासगिटारी, एक ड्रम, गायक नाही. पहिल्यांदा कुणीतरी रिकाम्या घरात कपाट सरकवतंय असं वाटलं. आता त्या कपाटाची सवय झाली आहे. चाल सापडली असं वाटतं तोवर ते ती सोडून देतात, आणि मग बऱ्याच वेळानं, आपण विसरल्यावर, परत आणून ठेवतात.

तिसऱ्या गाण्यात मध्येच एक गुणगुण सुरू होते. माशीसारखी, पण माशीपेक्षा शहाणी. हे तुझं टॅटूचं मशीन आहे, असं बासवाला सांगून गेला होता. तू कुणाच्यातरी पाठीवर काम करत होतीस आणि त्यांनी माइक शेजारी धरला. गुणगुण थांबते, सुरू होते, थांबते. प्रत्येक थांब्यात एक श्वास ऐकू येतो.

तू लहानपणी रेष काढताना श्वास धरून ठेवायचीस. मी बरगडीत बोट खुपसायचे, “श्वास घे, मरशील.” तू चिडायचीस, रेष हलली म्हणून.

आता आपणहून घेतेस. मी मोजले नाहीत, पण प्रत्येक वेळी घेतेस.

हे गाणं मी किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही. घरी गेल्यावर बोलायला कुणी नसतं तेव्हा माणूस काय ऐकतो, ह्याला फारसा अर्थ नसतो.

ताई


९ मार्च

टिंबू,

दुसरं सिटिंग झालं. फॅन आता राखेनं काढल्यासारखा दिसतो. गाठ काळीभोर आहे. आमच्याकडे प्रत्येक वेळी आधी फोटो काढतात, ते लावून बघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इथे का राहिलं?” मी म्हटलं, “पुढच्या वेळी घेते.” मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

आणि एक. बासवाल्यानं बोलता बोलता सांगितलं की एक फॅन एका चित्रकारीण बाईंच्या मानेवर आहे आणि त्यांचं प्रदर्शन चालू आहे. रविवारी गेले. बंद पडलेलं मोटारींचं गॅरेज आहे, जमिनीवर अजून तेलाचे डाग. बाई फक्त भिंती रंगवतात. सामान हलवल्यावर भिंतीवर जो फिका चौकोन उरतो ना, तो. कपाटाचा, आरशाचा, पलंगाच्या डोक्याचा. बाकी काही नाही. मी पहिल्या चित्रापुढे उभी राहिले आणि मला निघवेना. बाबांची खाट हलवल्यावर असाच एक उरला आहे. मी तिथे काही ठेवलेलं नाही.

“काय बघताय इतकं जवळून? भिंत आहे ती,” मागून आवाज आला. पांढरे केस बारीक कापलेले, खांद्यावर फडकं.

“इथे कपाट होतं,” मी म्हटलं.

“कशावरून?”

“खाली पायांच्या खुणा आहेत. एक पाय आखूड होता, घडी घातलेला कागद ठेवलेला दिसतोय.”

त्या खूश झाल्या. “चला, एक तरी माणूस आला. काल एक जण विचारत होता, चित्र लावायचं राहिलंय का.”

त्या चहा ओतायला वळल्या आणि मानेवर आपला फॅन दिसला. अख्खा, काळा, गाठीसकट. मी काहीतरी विचारलं असणार.

“आवडला? आता नाही मिळायचा. काढणारीच परत मागत फिरतेय. मी सांगितलं, माझ्या मानेला हात लावून तर बघ. दिलेलं परत मागतात का?”

“का मागतेय?”

“मला कुठे सांगतेय ती घुमी! गेल्या उन्हाळ्यात आठवडाभर माझ्या स्टुडिओत येऊन पडली होती. खाणं नाही, बोलणं नाही. शेवटच्या दिवशी माझ्या मानेकडे बघून म्हणाली, ह्या फॅनचा माणूस गेला. म्हटलं, अगं मग घरी जा. तर म्हणाली, तिथं ताई आहे.”

टिंबू, कोणत्या सुरात म्हणालीस ते मी विचारू शकले नाही. ‘तिथं ताई आहे, ती बघेल’ असं की ‘तिथं ताई आहे, मी कशी जाऊ’ असं? की आणखी काही? मी चहाचा कप धरून उभी होते. बाईंनी विचारलं, “तुम्ही काय करता?” मी म्हटलं, “दवाखान्यात असते.” हे खरं होतं आणि अगदीच अपुरं होतं.

म्हणजे तुला कळलं होतं. आठवडाभर तू कुठेतरी पडून होतीस, आणि त्याच आठवड्यात मी दाराची कडी लावत नव्हते.

ताई


३ मे

टिंबू,

आज त्याला विचारलं. विचारण्याआधी महिनाभर स्वतःशी भांडले, त्याची हजेरी तुला देत नाही. मुद्दा एवढाच होता की तो त्याचा हात आहे. माझी टपालपेटी नव्हे. दोनदा मी त्याला न विचारता त्याच्या हातावर माझं काहीतरी ठेवलं होतं, आणि तो बिचारा दर वेळी आभार मानून गेला.

मशीन सुरू करायच्या आधी म्हटलं, “एक सांगायचंय. ही गाठ मी मुद्दाम ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता घेते. ज्या मुलीनं हे काढलंय, ती माझी धाकटी बहीण.”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “अच्छा! म्हणजे तुम्ही त्या ताई!”

“त्या म्हणजे कुठल्या?”

“अहो, वाईट नाही काही.” मग तो छताकडे बघू लागला. “ती म्हणते, ताईसमोर गेलं की काही न करताच चुकलोय असं वाटतं.”

मी मशीनचं टोक पुसायला घेतलं.

“आता बघा ना,” तो म्हणाला, “शाई माझ्या हातावर, आणि तुम्ही ती ठेवायची परवानगी मागताय. मला एकदम वाटलं, आपणच काहीतरी केलंय.”

मला हसू आलं. तोही हसला. टिंबू, त्या खोलीत मी कधी हसले नव्हते.

मग त्याला गाठीची हकीकत सांगितली. चमचा, तार, सशाचे कान. त्याला वाटत होतं ती गाठ म्हणजे कोळी आहे. “मी लोकांना सांगत फिरतोय, फॅनवर कोळी बसलाय!” त्यानं हात फिरवून बघितलं. “गाठ तेवढी ठेवा. जागा आहे माझ्याकडे.”

“तिला मी भेटले असं सांगू नका.”

“का? पत्ता देतो की. फोन देतो. बसनं अर्ध्या दिवसाची वाट आहे.”

पत्ता घेतला. कागद घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. पण त्याला सांगितलं ते तुलाही सांगते. मी पत्र पाठवलं तर तुला उत्तर द्यावं लागेल, किंवा न देता राहावं लागेल, आणि न देणं हेही माझ्यासमोर चुकल्यासारखं वाटेल. गाठीचं तसं नाही. ती दिसेल. नको असली तर तिच्यावरून काळं फिरवायचं. कुणी विचारणार नाही. मी तर नाहीच.

ह्यात मी तुझा विचार करते आहे की स्वतःला ‘नाही’ ऐकण्यापासून वाचवते आहे, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

ताई


२८ जून

टिंबू,

शेवटचं सिटिंग झालं. आता त्याची कातडी निवायची, मग तो तुझ्याकडे येणार. फॅन होता हे माहीत असलेल्यालाच दिसेल. गाठ कोऱ्या हातावर एकटी बसली आहे. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधीच सांगायचं होतंस,” आणि फाइलवर लिहिलं, ‘पेशंटच्या इच्छेनुसार’.

एक राहिलं आहे. इतकी पत्रं लिहिली, त्यात कुठे राग नाही, हे परत वाचताना दिसलं. ते खरं नाही. मला राग आहे. तू गेलीस तेव्हा मी माझ्या संसारात होते. तो मोडून परत आले तेव्हा तू घरात नव्हतीस. बाबा म्हणाले, “मी एवढंच म्हटलं, हे गोंदण अंगावर घेऊन ह्या घरात राहायचं नाही.” एवढंच! मी त्यांच्याशी त्यावरून भांडले, मग ते आजारी पडले आणि भांडता येईना. त्यांचं अंग पुसताना मला तुझा राग यायचा, तुझा राग आला की त्यांचा यायचा. तुझी बाजू मला तुझ्या तोंडून कधी ऐकायला मिळाली नाही. ती ऐकण्याचा हक्क तरी मी कमावला होता, असं मला वाटतं.

आणि हेही. फॅन दुरुस्त करणारा मिस्त्री एकदा म्हणाला होता, जाळी बदलून टाका, हात जाईल कुणाचा. बाबा म्हणाले, “बदलायची नाही.” का, ते बोलले नाहीत. शेवटच्या दिवसांत फॅन त्यांच्या खाटेशी होता आणि ते भिंतीकडे तोंड न करता त्याच्याकडे तोंड करून निजायचे. मी ह्याचा काही अर्थ लावत नाही. पाहिलं ते लिहिलं.

घरी फॅन लावून बसले आहे. डावीकडे वळला की अजून कुरकुरतो. एवढ्या मोठ्या खोलीत तेवढंच कुणीतरी मान हलवतं.

ताई


१२ ऑक्टोबर

टिंबू,

मधल्या महिन्यांत काही लिहिलं नाही. कामावर दर वेळी दार वाजलं की मी मान वर करायचे. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, कुणाची वाट बघताय का?” मी म्हटलं, “कुणाची नाही.” हल्ली मी बरंच खोटं बोलते.

आज बासवाला आला. अपॉइंटमेंट नव्हती. काउंटरपाशीच त्यानं बाही वर केली, एखादा मुलगा शाळेतलं बक्षीस दाखवतो तशी.

तू झुडूप काढलं आहेस. दाट, काळं, पानात पान, आत वारा शिरल्यासारखं. फॅन त्याच्याखाली पार गेला. मी शोधला, मला माहीत असून सापडला नाही. इतकं चांगलं काम मी अजून कुणाच्या हातावर पाहिलं नाही, आणि हे मी तुझी ताई म्हणून म्हणत नाही. हे मी गेली काही वर्षं सगळ्यांचं पुसत आलेली बाई म्हणून म्हणते.

मी मनात म्हटलं, झालं. तिनं काळं फिरवलं. तिचा हक्क आहे. मी चेहरा नीट ठेवला.

“असं नाही, असं बघा,” तो म्हणाला आणि त्यानं हात उलटा केला.

झुडपाच्या डाव्या अंगाला पानं थांबली होती. बोटभर जागा कोरी. मध्ये गाठ. तिला तू हात लावलेला नाहीस, माझ्या लेझरनं तिच्या कडेला जो जरासा पांढुरका वण राहिला तोही झाकला नाहीस. एक कान तसाच. दुसऱ्या कानाचं टोक मात्र तू लांबवलं आहेस. बारीक, एका श्वासाची रेष, मनगटाकडे उतरते, नाडीवरून जाते आणि तळहाताच्या तोंडाशी थांबते. फास नाही, फूल नाही. नुसतं टोक.

मी त्याचा हात धरून उभी होते. आता फोटो काढायचा नव्हता, मशीन लावायचं नव्हतं, हात धरायला काही कारणच नव्हतं. त्यानंही हात मागे घेतला नाही. भला माणूस आहे.

“तिनं गाठ बघितली तेव्हा काय म्हणाली?” मी शेवटी विचारलं.

“बराच वेळ बघत बसली. मग तिनं विचारलं, कुणी पुसलं हे? म्हटलं, दवाखान्यातल्या बाईंनी. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात ना. तर म्हणाली, हं. आणि उठून पाणी पिऊन आली.”

“आणि हे टोक? ते कशाला?”

“मीही तेच विचारलं. म्हटलं, अगं हे असं लोंबतं काय सोडलंयस, पूर्ण कर की.” तो हसला. “तर म्हणाली, ताईला विचार.”

काउंटरवरची मुलगी बघत होती. मी तिला म्हटलं, मला पाणी दे.

टिंबू, मी ह्या दोन शब्दांवर दुपारभर विचार केला. सवयच आहे. रेष म्हणजे नुसती रेष असेल, हाताची ठेवण बघून तू ती सोडली असशील. मी माझं काहीतरी तिच्यावर लादते आहे, असंही असेल. सगळं मांडून झालं. पण तू मला विचारलं आहेस, आणि बऱ्याच वर्षांत तू मला काही विचारलेलं नाहीस, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून बासवाल्याजवळ देते आहे. वाचायलाच हवीत असं नाही, तुझ्याजवळ असू देत.

ते टोक कशाला असतं ते मीच तुला सांगितलं होतं. ओढून बघायला, सुटतं का.

रविवारी सकाळच्या बसनं निघते. ओढते आहे.

ताई